करूळ घाट उतरल्यापासून ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क टर्निंग करू (लेथवर तासून सपाट) की नवीन टाकू?

घाटवाट_०९

पेट्रोल हॅचबॅक, ७२,००० किमी. पुढं व्हेंटिलेटेड डिस्क, मागं ड्रम, एबीएस आहे. तक्रारी दोन:

१) हायवेला ८०-९० वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक सोडला की एकदम शांत. ४० च्या खाली काही जाणवत नाही.

२) गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना शेवटच्या वळणांवर पॅडल मऊ पडलं, नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. खाली वैभववाडीत गाडी थंड झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखं घट्ट.

ब्रेक ऑइल तीन वर्षांत बदललेलं नाही. पॅड गेल्या वर्षी टाकलेत, टायर रोटेशन पावसाळ्याआधी झालंय. गॅरेजवाला म्हणतो डिस्क बेंड झाल्यात, उद्यमनगरातून टर्निंग करून आणतो. दुसरा म्हणतो भानगडच नको, नवीन टाका. घरी जॅक, स्टँड, टॉर्क पाना आहे. डायल गेज आणि मायक्रोमीटर ओळखीच्या वर्कशॉपमधून मिळेल. आधी काय तपासू?

---

शून्य_शून्य_एक_मिमी

दादा, हे दोन वेगळे आजार आहेत. डिस्क टर्निंग करून पॅडल मऊ पडायचं थांबणार नाही आणि ऑइल बदलून थरथर जाणार नाही. मी थरथरीचं लिहितो, ऑइलचं कुणीतरी लिहीलच.

डिस्क ग्रे कास्ट आयर्नची असते, ती घाटात तापून अशी सहजासहजी वाकत नाही. बहुतेक वेळा होतं ते असं: चाक काढलं-घातलं तेव्हा हबच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसते तो फिरणारा भाग) तोंडावर गंज किंवा चिखलाचा थर राहिला, किंवा नट गनने कमी-जास्त आवळले गेले. डिस्क हबवर किंचित तिरकी बसली. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. पण ब्रेक न मारताही डिस्कचा उंच भाग दर फेऱ्याला पॅडला घासत राहतो आणि तेवढ्याच जागी झिजतो. काही हजार किमी गेले की डिस्क एका जागी पातळ, बाकीकडं जाड. मग ब्रेक दाबला की पातळ-जाड भाग आळीपाळीनं पॅडखालून जातो आणि कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) ढकलला जातो, तीच थरथर तुमच्या हातात येते. म्हणून काम झालं कधी आणि त्रास सुरू झाला कधी याचा मेळ कुणालाच लागत नाही, आणि खापर घाटावर फुटतं.

घाटाचा वाटा नाही असं नाही. उताराला तापलेल्या डिस्कवर खाली सिग्नलला किंवा उसाच्या ट्रॉलीमागं पाय घट्ट दाबून उभं राहिलं की पॅडचा मसाला त्या एका जागी डिस्कला चिकटतो. पॅडच्या आकाराचा काळपट-निळसर डाग दिसतो. तिथं फार तापलं तर लोखंडाची रचनाच बदलून कडक ठिपका तयार होतो, आणि तो टर्निंगनं वरून गेला तरी मुळाशी राहतो. असे डाग गडद आणि खोल असतील तर डिस्क बदला, लेथवर पैसे घालू नका.

आता मोजमाप. सपाट जागा, मागच्या चाकांना ठोकळे, पुढं स्टँड.

चाक काढून नट परत डिस्कवर लावा, खाली जाड वॉशर घालून, म्हणजे डिस्क हबला नीट दाबली जाईल. निम्म्या टॉर्कला आवळले तरी चालतील, पण सगळे सारखेच. हा वॉशरचा भाग लोक गाळतात आणि मग डायल भलतंच दाखवतो.

डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड नकलवर (हबमागचा न फिरणारा भाग). टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत. हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा. काटा एकूण जेवढा हलतो तो रनआउट. ०.०५ मिमीच्या आत असेल तर उत्तम, ०.१० च्या वर गेलं तर थरथरीचं मूळ तिथंच. नेमकी हद्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते.

मग मायक्रोमीटर. त्याच १० मिमीच्या वर्तुळावर आठ ठिकाणी जाडी घ्या. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यात ०.०२ मिमीचा फरक असला तरी स्टिअरिंग बोलायला लागतं. व्हर्नियरनं हे कळत नाही, तो नादच सोडा.

खडूनं डिस्क आणि एक स्टड यावर खूण करा. डिस्क काढा. अडकली असेल तर हातोडा नको: बऱ्याच डिस्कवर दोन आट्यांची भोकं असतात, त्यात एम ८ चे बोल्ट आळीपाळीनं आवळत गेलं की डिस्क आपोआप सुटून येते. हबचं तोंड वायर ब्रश आणि १२० च्या एमरीनं चकाचक करा, स्टडच्या मुळाशी आणि मधल्या उंचवट्याच्या कडेला विशेष. डिस्कची आतली बाजूही तशीच. पुन्हा बसवून मोजा. पुष्कळदा अर्धा रनआउट इथंच जातो.

अजून जास्त असेल तर डिस्क एक भोक पुढं फिरवून बसवा. उंच जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर सरकली तर दोष डिस्कचा, जागच्या जागी राहिली तर हबचा किंवा बेअरिंगचा. चारही जागा करून बघा आणि सगळ्यात कमी रीडिंग येईल तिथं ठेवा.

एवढं झाल्याशिवाय टर्निंगला देऊ नका. तिरक्या हबवर सरळ डिस्क लावली की काही हजार किमीत पहिले पाढे पंचावन्न.

---

दुसरा_गिअर

ऑइलचं मी सांगतो.

थंड झाल्यावर पॅडल आपोआप घट्ट झालं म्हणजे ऑइल उकळलं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि गगनबावड्याच्या पावसात, कोकणच्या दमट हवेत ते लवकरच होतं. कॅलिपरमध्ये उकळी आली की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. डॉट ३ चा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. तीन वर्षांचं ऑइल म्हणजे दुसरा आकडा धरूनच चला.

पॅडल कडक राहून गाडीच थांबत नसेल तर तो पॅडचा फेड (तापून पकड जाणं), ऑइलचा संबंध नाही. गाडी उभी असताना पाय दाबून धरला आणि पॅडल सावकाश खाली सरकत गेलं तर मास्टर सिलेंडर (पॅडलला जोडलेला मुख्य पंप) किंवा गळती. कायमच स्पंजासारखं असेल तर लाइनमध्ये हवा. तुमचं यातलं काही दिसत नाही.

डॉट ४ टाका, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलं असलं तरी चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते अजिबात नको. ५.१ चालेल, पण रस्त्यावरच्या गाडीला गरज नाही. एक लिटर घ्या, ५०० मिलीच्या सीलबंद दोन बाटल्या. फोडून ठेवलेली बाटली पुढच्या वर्षी वापरायची नाही.

काम असं: टाकीतलं जुनं काळं ऑइल सिरिंजनं काढा, तळाला थोडं ठेवून. नवं भरा. ब्लीडरवर (चाकापाशी ऑइल सोडायचा स्क्रू) आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रिंग पाना वापरा, ८ किंवा १० चा. फिक्स पान्यानं कोपरे गेले की मग व्हाइस ग्रिप आणि पश्चात्ताप. पारदर्शक नळी, बाटलीत थोडं नवं ऑइल, नळीचं टोक त्यात बुडालेलं.

एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं ब्लीडर पाव फेरा सोडायचा, ऑइल आलं की बंद, मगच पाय सोडायचा. पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये रबर रोज जिथवर जातं त्याच्या पुढं कचरा आणि गंज साचलेला असतो. पॅडल तळाला नेलं की सीलची कड फाटते, आणि काम चांगलं करूनही आठ दिवसांत पॅडल बुडायला लागतं.

क्रम मॅन्युअलमध्ये बघा. आपल्याकडं मास्टर सिलेंडर उजवीकडं असतो, म्हणून सर्वांत लांब डावं मागचं चाक, बरेच जण तिथूनच सुरू करतात. पण एबीएसवाल्या काही गाड्यांना वेगळा क्रम दिलेला असतो. मागच्या प्रत्येक चाकाला १५० मिली, पुढच्या प्रत्येकाला १०० मिलीच्या आसपास, किंवा स्वच्छ रंग येईपर्यंत. दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. टाकी रिकामी होऊन एबीएसच्या ठोकळ्यात हवा शिरली तर स्कॅनर जोडल्याशिवाय ती निघत नाही.

रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. नाहीतर रंग फुगतो.

---

उसाची_ट्रॉली

वरच्या दोघांनी कॅलिपर पिनचं सोडलं. पॅड काढून आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवून बघा. जाडीत २ मिमीच्या वर फरक असला तर स्लाइड पिन (ज्यावर कॅलिपर सरकतो) जाम आहे. एक पॅड सतत घासतोय, तीच डिस्क जास्त तापते, त्याच बाजूचं ऑइल आधी उकळतं. म्हणजे दोन आजारांची गाठ इथंच पडू शकते.

पिन उपसून जुनं ग्रीस पूर्ण पुसा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, पातळ थर. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन आणखी अडकते. काही कॅलिपरमध्ये एका पिनवर रबराची बुशी असते. वरची-खालची अदलाबदल करू नका. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं स्प्रिंगला बांधा.

मागचे ड्रमही उघडा. लायनर सैल असतील तर सगळा भार पुढं येतो. व्हील सिलेंडरचं रबर बोटानं उचलून बघा, आत ओलं असेल तर सिलेंडर बदला.

---

चक_चारजबडी

लेथचं विचारलंय म्हणून. टर्निंग वाईट नाही, करणारा महत्त्वाचा. डिस्कवर कडेला किमान जाडी ओतलेली किंवा कोरलेली असते. साधारण हॅचबॅकची नवी डिस्क १७ ची असेल तर हद्द १५ च्या आसपास. टर्निंगनंतर हद्दीपेक्षा निदान अर्धा-पाऊण मिमी जास्त उरायला पाहिजे, कारण पुढं ती झिजणारही आहे.

चकच्या जबड्यात डिस्कची टोपी (मधला उंच भाग) धरून आधी एक बाजू, मग पलटी मारून दुसरी, असं करणाऱ्याकडं देऊ नका. दोन्ही बाजू कधीच समांतर येत नाहीत. मधल्या बोअरवर मँड्रेल (भोकात नेमका बसणारा दांडा), हबला टेकणारं तोंड फेसवर टेकलेलं, आणि एकाच सेटिंगमध्ये दोन्ही बाजू. आधी डायल लावून बघायला सांगा. उद्यमनगरात असं करणारे आहेत, फक्त शनिवारी संध्याकाळी घाईत नेऊ नका. शेवटचा कट ०.०५ ते ०.१० चा आणि फीड बारीक, नाहीतर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा राहतात आणि पॅड टकटक करतो. नंतर १२० एमरी आडवी-तिडवी फिरवा आणि साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा. बारीक लोखंडी भुकटी ब्रेक क्लीनरनं नीट निघत नाही.

आणि जोडी. एका बाजूची केली तर दुसरीही.

---

घाटवाट_०९

मोजलं. डिस्कवर किमान १५ लिहिलंय.

डावी: जाडी १६.४२, फरक ०.०१. रनआउट ०.१२ होता, हब घासल्यावर ०.०४.

उजवी: १६.३८ ते १६.४१, म्हणजे फरक ०.०३. रनआउट ०.०९, हब घासल्यावर ०.०६, एक भोक फिरवल्यावर ०.०३. आतला पॅड ३ मिमी, बाहेरचा ६. खालची पिन हातानं हलतच नव्हती. डिस्कवर डाग नाहीत, हलका निळसरपणा आहे.

---

शून्य_शून्य_एक_मिमी

मग उत्तर तुमच्याच हातात आलंय. नवीन डिस्क नको. दोन्ही टर्निंगला द्या, प्रत्येक बाजूनं ०.१ मिमी पुरे, १६.२ च्या आसपास उरेल. न्यायच्या आधी कुठलं भोक कुठल्या स्टडवर ते रंगानं खुणावून ठेवा. परत बसवल्यावर डायल पुन्हा लावा. पॅड चारही नवीन, तो ३ मिमीचा घासून वापरायचा नाही. पिनवर गंजाचे खड्डे असतील तर पिन-रबरचं किट टाका.

चाकाचे नट समोरासमोर, दोन टप्प्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कनं. पुढं कधी पंक्चरवाल्यानं गन लावली की घरी येऊन सैल करून परत आवळायचे.

---

दुसरा_गिअर

पॅड बसवल्यावर इंजिन चालू करायच्या आधी पॅडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करा. पिस्टन मागं ढकललेला असतो, पहिला ब्रेक हवेत जातो. पिस्टन ढकलताना ब्लीडर सोडा, म्हणजे जुनं ऑइल एबीएसकडं उलटं जात नाही.

मग बेडिंग, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसवून घेणं: पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नसताना, ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबानं, आठ-दहा वेळा, मधे अर्धा मिनिट गाडी चालती ठेवून. पूर्ण थांबायचं नाही. नंतर पाच-सात किमी ब्रेक न लावता थंड होऊ द्या.

करूळ असो की आंबा घाट, उताराला वरूनच दुसरा गिअर. ब्रेक दाबा, वेग उतरवा, सोडा. हलका पाय सतत ठेवून उतरणं हेच डिस्क आणि ऑइल दोन्हीला मारतं. न्यूट्रल तर नकोच. इंजिन बंद करून उतरणारेही बघितलेत लोकांनी, ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकात संपतो. आणि खाली पोचल्या पोचल्या वॉशिंगला गाडी घालू नका, तापल्या डिस्कवर गार पाण्याचा फवारा नको.

---

घाटवाट_०९

पिनला खड्डे आहेत, किट मागवलंय. डिस्क सोमवारी देतो. मँड्रेल आहे का ते आधी विचारूनच.