मदत हवी आहे: शाळेच्या रस्त्यावरच्या सायकलींच्या सुरक्षेसाठी अर्ज कुणाकडे करायचा?

नमस्कार मंडळी. आमच्या गावातून राज्यमार्ग जातो आणि त्याच्याच कडेने मुलं-मुली सायकलवर शाळेला जातात. डंपर अगदी हँडलला घासून पुढे काढतात. साइडपट्टी खडीची, डांबरापेक्षा चांगली वीतभर खाली. चाक उतरलं की सायकल आडवी. आम्ही काही पालक पाठपुरावा करायचा म्हणतोय.

रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, मग वेगाचं कुणाला सांगायचं, आरटीओला की वाहतूक पोलिसांना? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्यापुढे विषय न्यायला ग्रामसभेचा ठराव लागतो का? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९८अ वाचलं. सदोष रस्त्यासाठी १ लाखापर्यंत दंड आहे, पण मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच. म्हणजे आधी कुणीतरी जायला हवं!

पुण्याच्या २०१७ च्या सायकल आराखड्यासाठी झटलेलं कुणी इथे असेल तर सांगा, अधिकारी फोटोंना दाद देतात की वाहनांच्या मोजणीला? माहिती अधिकारात नेमकं काय मागावं? हेल्मेटवाटपाचे कार्यक्रम कृपया सुचवू नका, ते होऊन गेलेत. अर्जाचा नमुना असेल तर फारच बरं.