शब्दचर्चा : ‘फेल-सेफ’चा अर्थ आणि विज्ञानाच्या मजकुरातून इंग्रजी शिकणे

प्रश्न :

इंग्रजी सुधारावे म्हणून गेले काही महिने मी विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयांवरचे लेखन नेमाने वाचतो आहे. कथा-कादंबऱ्यांपेक्षा हे मजकूर सोपे जातील अशी माझी समजूत होती, कारण विषय बराचसा ओळखीचा आहे आणि पारिभाषिक शब्द कोशात सापडतात. प्रत्यक्षात अडायला होते ते भलत्याच ठिकाणी. काल विजेवर चालणाऱ्या दारकुलपांविषयीची एक माहितीपुस्तिका वाचत होतो. तीत कुलपांचे ‘फेल-सेफ’ आणि ‘फेल-सिक्युअर’ असे दोन प्रकार दिले होते. ‘फेल’ म्हणजे नापास होणे किंवा निकामी होणे हे ठाऊक होते. ‘सेफ’ आणि ‘सिक्युअर’ या दोन्हींसाठी माझ्या कोशात ‘सुरक्षित’ हा एकच प्रतिशब्द आहे. ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे ज्याला पाण्याची बाधा होत नाही ते, त्याच चालीवर ‘फेल-सेफ’ म्हणजे ज्याला बिघाडाची बाधा होत नाही ते, असा अर्थ मी लावला. पुढच्याच वाक्यात वीज गेल्यावर हे कुलूप उघडते असे लिहिलेले पाहिले आणि माझा सगळा अर्थ कोलमडला. वीज जाताच उघडणाऱ्या कुलपाला सुरक्षित कसे म्हणायचे? या शब्दांची फोड जाणकारांनी करून द्यावी, आणि अशा मजकुरांतून व्याकरण व शब्दसंग्रह वाढवण्याची काही रीत असल्यास तीही सांगावी.

उत्तर :

मी तांत्रिक मजकुरांचे मराठी अनुवाद करते, आणि या शब्दाने मलाही सुरुवातीला चांगलेच फसवले होते, म्हणून सविस्तर लिहिते. ‘वॉटरप्रूफ’शी केलेली तुलना इथे लागू पडत नाही, कारण ‘वॉटर’ हे नाम आहे आणि ‘फेल’ हे या शब्दात क्रियापद आहे. ‘सेफ’ हे त्या क्रियेनंतर उरणाऱ्या स्थितीचे विशेषण आहे. इंग्रजीत अशी रचना पावलोपावली भेटते : ‘फ्रीझ सॉलिड’ म्हणजे गोठून घट्ट होणे, ‘रन ड्राय’ म्हणजे पंपाने पाण्याविना कोरडे चालणे. मराठीला ही रचना परकी नाही. ‘विहीर कोरडी पडली’, ‘दार उघडे राहिले’ या वाक्यांत ‘कोरडी’ आणि ‘उघडे’ हे शब्द जे काम करतात, तेच काम ‘फेल-सेफ’मधला ‘सेफ’ करतो. तेव्हा ‘फेल-सेफ’ वस्तू बिघडते, अवश्य बिघडते. मात्र बिघडताना ती ज्या स्थितीत जाऊन थांबते ती स्थिती धोक्याची नसते. न बिघडण्याची हमी या शब्दात कुठेही नाही.

आता तुमचे कुलूप. इमारतीला आग लागली आणि वीज गेली, तर आतल्या माणसांना बाहेर पडता आले पाहिजे, म्हणून ‘फेल-सेफ’ कुलूप वीज जाताच मोकळे होते. ‘फेल-सिक्युअर’ कुलूप वीज गेल्यावर बाहेरच्या बाजूने बंदच राहते, कारण तिथे काळजी आत ठेवलेल्या वस्तूंची आणि बाहेरून घुसणाऱ्या माणसाची असते. म्हणजे ज्या दोन शब्दांना कोशाने एकच प्रतिशब्द दिला, त्यांचा परिणाम या एका पानावर एकमेकांच्या नेमका उलट आहे. ‘सेफ’चा कल जिवाला होणाऱ्या अपायाकडे आहे आणि ‘सिक्युअर’चा कल कोणी मुद्दाम करू पाहणाऱ्या आगळिकीकडे. झडपांच्या बाबतीत तर लेखक ‘सेफ’ हा शब्द टाळून सरळ ‘फेल ओपन’ आणि ‘फेल क्लोज्ड’ असे लिहितात : यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याची झडप बिघडली तर उघडी राहिलेली बरी, इंधनाची झडप बिघडली तर बंद झालेली बरी.

या कल्पनेचे सर्वांत सुबोध उदाहरण रेल्वेच्या ब्रेकचे आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८६९ सालच्या पहिल्या रचनेत हवेच्या दाबाने ब्रेक लागत असे, त्यामुळे नळी फुटली की ब्रेकच नाहीसा होई. १८७२ साली त्यांनी रचना उलटी केली. नळीतला दाब ब्रेक सोडवून धरतो; नळी फुटली किंवा डबे सुटले की दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतो. हा परिच्छेद एकदा समजून घेतला की ‘फेल-सेफ’चा अर्थ पाठ करावा लागत नाही. विज्ञानाच्या मजकुरातून भाषा शिकण्याचा खरा लाभ मला हाच वाटतो : शब्दाचा लावलेला अर्थ चुकला, तर यंत्र चालत नाही आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडते. कादंबरीत चुकीचा अर्थ लावूनही माणूस सुखाने शेवटच्या पानापर्यंत पोहोचतो.

रीत विचारलीत म्हणून एक सावधगिरी आधी सांगते. पारिभाषिक शब्दांची भीती बाळगू नका. ‘मायटोकाँड्रिया’ कोणालाही चकवत नाही, कारण तो आपल्याला येत नाही हे आपल्याला कळते. चकवतात ते रोजच्या वापरातले, येतात असे वाटणारे शब्द. ‘द डिफरन्स वॉज नॉट सिग्निफिकंट’ या वाक्याचे ‘फरक महत्त्वाचा नव्हता’ असे भाषांतर मी स्वतः एकदा करून बसले होते. संख्याशास्त्रात ‘सिग्निफिकंट’चा महत्त्वाशी थेट संबंध नाही. खरोखर काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे मोजतात, आणि ती ठरवलेल्या मर्यादेखाली असेल तर फरकाला ‘सिग्निफिकंट’ म्हणतात. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे ०.०५, म्हणजे विसात एक, ही मर्यादा रूढ झाली. औषधाने ताप एका अंशाच्या दहाव्या भागाने उतरला, तरी पुरेशा रुग्णांवर पाहिल्यास तो फरक ‘सिग्निफिकंट’ ठरू शकतो. रुग्णाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व शून्य असेल. त्याउलट मोठा आणि मोलाचा फरक, रुग्ण थोडे असल्यामुळे, ‘नॉट सिग्निफिकंट’ ठरू शकतो. म्हणून मी आता ‘सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय’ असे पूर्ण लिहिते, लांबले तरी चालेल.

गणितातही असेच आहे. बोलताना ‘इन जनरल’ म्हणजे बहुधा, गणितात म्हणजे अपवादाविना; ‘अर्बिट्ररी’ म्हणजे मनमानी नव्हे, तर ‘कोणतीही घ्या, विधान खरेच राहील’ अशी संख्या. ‘नॉव्हेल’ विषाणूचा कादंबरीशी संबंध नाही हे साथीच्या काळात सर्वांनाच कळले.

शंका :

वरील उत्तरातील शब्दविवेचन मान्य आहे, परंतु शिकणाऱ्याला हा मार्ग सुचवावा का याविषयी मला शंका आहे. वैज्ञानिक लेखनातील इंग्रजी बहुधा ओबडधोबड असते. जिथे तिथे कर्मणि प्रयोग, क्रियापदांची नामे करून रचलेली वाक्ये, आणि ‘फ्युएल पंप प्रेशर सेन्सर फॉल्ट’ अशा पाच-पाच नामांच्या माळा. हेच वाचून भाषा घडवली, तर माणूस पत्रसुद्धा अहवालासारखे लिहू लागेल.

उत्तर :

नामांच्या माळांविषयीची तुमची तक्रार इंग्रजी वाचकांचीही आहे. मराठी वाचकाला मात्र त्या जड जाऊ नयेत, कारण तो आपला तत्पुरुष समासच आहे. शेवटचे पद मुख्य, आधीची सगळी त्याला आवळत आणणारी; उजवीकडून सोडवत गेले की ‘इंधनपंपातला दाब मोजणाऱ्या संवेदकाचा बिघाड’ हातात येतो.

कर्मणि प्रयोगाविषयी मात्र थोडे थांबावे लागेल, कारण इथे शाळेतल्या व्याकरणाने आपले नुकसान करून ठेवले आहे. मराठीतला कर्मणि प्रयोग आणि इंग्रजीतला ‘पॅसिव्ह’ एकच आहेत असे आपण धरून चालतो. ‘विद्यार्थ्याने द्रावण तापवले’ हे मराठी व्याकरणानुसार कर्मणि वाक्य आहे, क्रियापद कर्माप्रमाणे चालते. त्याचे इंग्रजी मात्र सरळ ‘ॲक्टिव्ह’ होईल. उलट इंग्रजी ‘पॅसिव्ह’चे मराठी करताना ‘द्रावण तापवले गेले’ असे ‘गेले’ लावण्याची गरज नसते. ‘द्रावण तापवले’ एवढे म्हटले की करणारा आपोआप पडद्याआड जातो. हे एकदा ध्यानात आले की प्रयोगशाळेतल्या लेखनातला ‘पॅसिव्ह’ खटकत नाही, कारण कोणी तापवले हे तिथे खरोखरच गैरलागू असते.

आता दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा : ‘द सोल्यूशन कूल्ड’ आणि ‘द सोल्यूशन वॉज कूल्ड’. फरक फक्त ‘वॉज’चा. पहिल्यात द्रावण आपले आपण थंड झाले, दुसऱ्यात कोणीतरी ते थंड केले. पहिले वाचून प्रयोग करणारा भांडे मेजावर ठेवून देईल, दुसरे वाचून बर्फ शोधेल. स्फटिक हवे असतील तर हा फरक क्षुल्लक नाही, कारण सावकाश निवणाऱ्या द्रावणात स्फटिक सहसा मोठे येतात. मराठीत आपण ‘तापणे’ आणि ‘तापवणे’ अशी वेगळी क्रियापदे ठेवली आहेत. इंग्रजीत ‘हीट’, ‘कूल’, ‘मेल्ट’, ‘डिझॉल्व्ह’ ही दोन्हीकडे तीच असल्यामुळे सगळा भार त्या ‘वॉज’वर येतो. कोणतेही व्याकरणाचे पुस्तक हे इतके ठसवील असे मला वाटत नाही.

स्वल्पविरामाचेही तसेच. ‘द सेन्सर्स दॅट वेअर फॉल्टी वेअर रिप्लेस्ड’ म्हणजे जे संवेदक बिघडले होते तेवढेच बदलले. ‘द सेन्सर्स, विच वेअर फॉल्टी, वेअर रिप्लेस्ड’ म्हणजे सगळेच बिघडले होते आणि सगळेच बदलले. वीस संवेदकांच्या यंत्रात दोन वाक्यांच्या बिलांत किती अंतर पडेल याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तंत्रज्ञांनी मात्र या गोंधळावर स्वतःच उपाय काढले आहेत, आणि शिकणाऱ्याला ते सोन्यासारखे आहेत. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाची एक बांधलेली इंग्रजी वापरतात. तिच्यात शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ असतो : ‘फॉलो’ म्हणजे मागोमाग येणे एवढेच, सूचना पाळण्यासाठी ‘ओबे’, ‘फॉल’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाने खाली पडणे, दाब किंवा तापमान ‘फॉल’ होत नाही, ‘डिक्रीज’ होते. कृतीच्या सूचनेचे वाक्य वीस शब्दांच्या वर जाऊ द्यायचे नाही. शिवाय सूचनेत कर्मणि प्रयोगाला तिथे मज्जाव आहे, हे शंकाकारांना आवडेल.

दुसरे उदाहरण इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या, ‘आरएफसी’ नावाच्या दस्तऐवजांचे. १९९७ साली स्कॉट ब्रॅडनर यांनी लिहिलेल्या आरएफसी २११९ या दोन-तीन पानी टिपणात ‘मस्ट’, ‘शूड’, ‘मे’ या सहायक क्रियापदांच्या व्याख्याच दिल्या आहेत. ‘मस्ट’ म्हणजे सक्ती. ‘मे’ म्हणजे सर्वस्वी ऐच्छिक. आणि ‘शूड’ म्हणजे विशिष्ट परिस्थितीत सबळ कारण असल्यास हे न करण्याची मुभा आहे, पण न करण्याचे परिणाम पुरते समजून आणि तोलून घेतले पाहिजेत. आपल्या मराठीत ‘करावे’ हे एकच रूप विनंतीपासून आज्ञेपर्यंत सगळीकडे धावते, म्हणून मी ‘मस्ट’साठी ‘केलेच पाहिजे’, ‘शूड’साठी ‘करावे’ आणि ‘मे’साठी ‘करता येईल’ अशी वाटणी ठरवून टाकली आहे. २०१७ सालच्या आरएफसी ८१७४ या पुरवणीने असे स्पष्ट केले की हे शब्द मोठ्या अक्षरांत असतील तरच हे खास अर्थ घ्यायचे. आपल्या लिपीत मोठी आणि लहान अक्षरे नाहीत. तेव्हा अनुवादकाने काय करावे याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही. सध्या ठसा ठळक करून भागवते.

शैलीच्या आक्षेपाबाबत एवढेच म्हणेन की वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ सालचा छोटा लेख काढून वाचावा. त्यात शेवटाकडे, या रचनेवरून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल हे सुचते, ही सर्वांत मोठी गोष्ट ते ‘आमच्या नजरेतून सुटलेले नाही’ अशा दुहेरी नकाराने, आणि तीही ‘शक्य’ हे विशेषण लावून सांगतात. दावा किती पुढे न्यायचा आणि कुठे आवरायचा, हे क्रियापदांच्या निवडीतून दाखवण्याची ही कला अहवालात शिकलेला माणूस पत्रातही वापरू शकतो.

पुरवणी :

शब्दसंग्रहासाठी मूलद्रव्यांच्या नावांची सवय लावून घ्यावी असे सुचवतो. ‘क्रिप्टॉन’ म्हणजे ग्रीकमध्ये लपलेला, म्हणून ‘क्रिप्टोग्राफी’ ही गुप्तलेखनविद्या. ‘झेनॉन’ म्हणजे परका, म्हणून ‘झेनोफोबिया’ ही परक्यांची भीती. ‘आरगॉन’ म्हणजे आळशी, कारण तो कशाशीही संयोग पावेना. या मालिकेत ‘हीलियम’ मात्र वेगळा पडतो, कारण सूर्याच्या वर्णपटात तो प्रथम दिसला तेव्हा तो धातू असावा असे वाटले आणि सोडियमसारखा ‘इयम’ हा धातूंचा प्रत्यय त्याला चिकटला. फॅरडे यांना ‘ॲनोड’ आणि ‘कॅथोड’ हे शब्द १८३४ साली विल्यम ह्यूएल यांनी सुचवले. ‘होडोस’ म्हणजे वाट, तेव्हा एक वर जाणारी वाट आणि दुसरी खाली उतरणारी. मात्र उपसर्गांवर आंधळा विश्वास नको. ‘इनफ्लेमेबल’मधला ‘इन’ नकाराचा नाही, तो ‘पेट घेणारे’ असेच सांगतो, आणि हा घोळ जिवावर बेतू नये म्हणूनच पाट्यांवर ‘फ्लेमेबल’ लिहिण्याचा प्रघात पडला.

प्रश्नकर्त्याकडून :

सर्वांचे आभार. सुचवलेल्या दृष्टीने ती माहितीपुस्तिका पुन्हा वाचली. ‘सुरक्षित’ हा शब्द मी पूर्ण खोडला आणि दोन कुलपांसमोर ‘वीज गेल्यास उघडे राहणारे’ आणि ‘वीज गेल्यास बाहेरून बंद राहणारे’ असे लिहिले. त्यानंतर शेवटच्या पानावरचे एक वाक्य अडले. आणीबाणीच्या वाटेवरील दारांना पहिल्या प्रकारचे कुलूप ‘शूड बी फिटेड’ असे तिथे छापले आहे, आणि ‘शूड’ लहान अक्षरांत आहे. इथे लेखकाला ‘बसवावे’ म्हणायचे आहे की ‘बसवलेच पाहिजे’?