मदत हवी आहे: कापसाबाबत उमेदवाराकडून नेमके काय लिहून घ्यावे?

चोपडा तालुक्यातील आम्ही काही कापूस उत्पादक विधानसभेच्या उमेदवारांसाठी एक पानी मागणीपत्र तयार करीत आहोत. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. परंतु हमीभावाने खरेदी करणारे भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) 12 टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा माल घेत नसल्यामुळे दिवाळीच्या तोंडावर वेचलेला ओलसर कापूस, वेचणीची मजुरी चुकती करण्यासाठी, खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावाने द्यावा लागतो, आणि खरी लूट तिथेच होते. निवेदन दिले असता ‘हा केंद्राचा विषय आहे’ एवढेच उत्तर मिळाले. हमीभाव व आयातशुल्क केंद्राच्या हाती आहेत, हे मान्य. कर्जमाफीची मागणी आम्ही स्वतंत्रपणे केली आहे. मग बाजार समितीत कापूस वाळवण्याची सोय किंवा भावफरकाची (हमीभाव व मिळालेला भाव यांतील फरकाची) रक्कम, यांपैकी राज्याच्या अधिकारातील कोणते आश्वासन उमेदवाराकडून मुदतीसह लेखी मागता येईल?