चेक इंजिन लाईट, पी०१७१ कोड, ऑक्सिजन सेन्सर बदलू का?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी, मदत हवीये. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किमी झालेत. गेल्या रविवारी खंबाटकीतून परत येताना चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी पळते नीट, फक्त सिग्नलला उभी असली की थरथरते. जवळच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०१७१ निघाला, म्हणाला ऑक्सिजन सेन्सर गेलाय, साडेआठ हजार होतील, आणि कोड पुसून दिला, तर दुसऱ्या दिवशी नवले पुलाजवळ परत दिवा. पुढच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला जायचंय म्हणून जास्त काळजी. बदलून टाकू का? कोणी चांगला माणूस माहितीये का?

पाना_पकड
थांबा, अजून काही बदलू नका. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच. कुठला पार्ट गेला ते कोड सांगत नाही. आणि हे कळलं ते ऑक्सिजन सेन्सरमुळेच, तोच मेला असता तर बहुतेक पी०१३० ते पी०१३५ मधलं काहीतरी दिसलं असतं. ईएलएम३२७ वालं, गाडीचा डेटा मोबाईलवर दाखवणारं ब्लूटूथ डोंगल घ्या, स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात लावा, मोबाईलवर आधी फ्रीझ फ्रेम बघा, दिवा लागला त्या क्षणी आरपीएम, लोड, टेम्परेचर काय होतं ते त्यात असतं. कोड पुसला की ते सगळं जातं, म्हणून परत कोणाला पुसू देऊ नका. मग इंजिन गरम करून लाँग टर्म आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते, एकदा आयडलला, एकदा २५०० आरपीएमला, आणि आकडे इथे टाका. एअर फिल्टरच्या पुढे आत जाणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे का तेही सांगा, कारण नुसता इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल तर हिशोब बदलतो.

कोथरूडची_गाडी
ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे तर नसेल? आमच्याकडे पण सगळे तेच म्हणतात.

सिंहगडरोडकर
एअर फ्लो सेन्सर आहे. दोन्ही ट्रिम मिळून आयडलला +२४, २५०० ला +६. फ्रीझ फ्रेममध्ये आरपीएम ७८०, वेग शून्य.

पाना_पकड
मग व्हॅक्युम लीकच बघा. सेन्सरने न मोजलेली हवा मागून आत शिरतेय, आयडलला एकूण हवाच कमी म्हणून तिचा वाटा मोठा पडतो, रेस केलं की तोच वाटा नगण्य होतो. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर असता तर उलट झालं असतं, घाटात लोड आला की ट्रिम चढला असता. ई२० चं म्हणाल तर शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास, त्यामुळे ट्रिम थोडा वर जातो हे खरं, पण तो आयडलला आणि २५०० ला जवळपास सारखाच वाढतो. इनटेकची नळी, पीसीव्ही होज (इंजिनच्या आतल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारी), ब्रेक बूस्टरची होज वाकवून बघा, रबर जिथे वळतं तिथे आतल्या बाजूने चिरतं. एकेक होज कापड गुंडाळून पकडीने हलकेच दाबा, ट्रिम झपकन उतरला की तीच. कार्ब क्लीनर मात्र गरम इंजिनवर उडवू नका, आग लागते.

वारजेकर
माणूस विचारलात म्हणून सांगतो, कोड वाचून लगेच पार्ट सांगणाऱ्याकडे जाऊ नका, लाईव्ह डेटा तुमच्यासमोर उघडून दाखवेल त्याच्याकडे जा. होज नाना पेठेत मिळेल, जुनी सोबत न्या.

सिंहगडरोडकर
सापडली! पीसीव्ही होज, खालच्या वळणावर बोटभर चीर, वरून दिसतच नव्हती. नाना पेठेतून २६० रुपयांत आणली, स्वतःच बसवली. आता आयडलला +५, थरथर गेली. पाना_पकड, मनापासून आभार. आता कोड पुसून कोल्हापूरला निघू ना?

पाना_पकड
आता पुसा, पण दोन-तीन दिवस शहरात चालवून ट्रिम परत बघा आणि मगच निघा. डोंगल गाडीतच ठेवा. वाटेत दिवा नुसता लागला तर सावकाश पुढे जाता येईल, पण लुकलुकायला लागला तर मिसफायर आहे, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन कन्व्हर्टरच जळतो, तेव्हा बाजूला घेऊन गाडी बंदच करा.