अँकिलोसॉरसच्या कवचाची प्लेट घ्यावी का? खरी कशी ओळखायची?

वाघोलीचा_दगड:
नमस्कार मंडळी. मी मूळचा खनिजंवाला, पुण्याच्या आसपासच्या खाणीतले झिओलाइट आणि वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट जमवतो, जीवाश्मांतलं मात्र फारसं कळत नाही. भाची फर्ग्युसनला जिऑलॉजी करतेय, तिला काहीतरी खास द्यायचंय. ओळखीतल्या एका काकांकडे डायनासोरच्या कवचाची प्लेट आहे, ते म्हणतात अँकिलोसॉरसची, अमेरिकेतल्या मोंटानाच्या हेल क्रीक थरातली. तळहाताएवढी, चॉकलेटी, वरच्या बाजूला मधोमध उंच धार गेलीय, खालून खोलगट. पण एका कोपऱ्यात दोन बोटं मावतील एवढा भाग फारच गुळगुळीत लागतो, रंग तोच आहे पण भिंगातून बघितलं तर तिथे छिद्रंच दिसत नाहीत. अठरा हजार सांगतायत. घ्यावी का? आणि कायद्याचं काही लफडं होईल का?

भिंगवाला:
दादा, वर्णनावरून प्लेट खरी वाटतेय आणि कोपरा भरलेला वाटतोय. भरणं म्हणजे फसवणूक नाही, तुटलेलं हाड सगळेच जोडतात, पण ते सांगून विकायला हवं. रात्री दिवे बंद करून त्यावर यूव्ही टॉर्च मारा, हाड आणि फिलर वेगवेगळे चमकतात, गोंदाच्या रेघा पण उठून दिसतात. ॲसिटोन वगैरे लावू नका प्लीज, हाड घट्ट राहावं म्हणून जे रेझिन पाजलेलं असतं तेच विरघळतं आणि कडा भुगा होऊन पडतात.

आता ओळख. मगरीच्या पाठीवरच्या प्लेटा पण हेल क्रीकलाच मिळतात आणि बाजारात सर्रास डायनासोर म्हणून खपतात. मगरीच्या प्लेटवर वरून मोठमोठे गोल खड्डे असतात, एकाला एक लागून. मऊ पाठीच्या कासवाचे तुकडे पण खड्ड्यांचेच, फक्त आतून बरगडीचा उंचवटा दिसतो. अँकिलोसॉरच्या प्लेटवर तसे खड्डे नसतात, रक्तवाहिन्यांच्या बारीक चरा आणि टाचणीएवढी छिद्रं असतात, आणि खालची बाजू तिरक्या प्रकाशात धरली तर धाग्यांची एकमेकांना छेदणारी वीण दिसू शकते, ती त्वचेतल्या कोलॅजनची. ती दिसली की माझी खात्री पटते.

नावाबद्दल मात्र जपून. खुद्द अँकिलोसॉरसचे, म्हणजे बार्नम ब्राउनने 1908 मध्ये नाव दिलेल्या प्राण्याचे, चांगले नमुने बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्याच काळात तिथे नोडोसॉर गटातले दुसरे कवचवाले पण होते. नोडोसॉरच्या प्लेटा साधारण जाड आणि भरीव, अँकिलोसॉर गटातल्या पातळ आणि खालून पोकळ, त्यामुळे तुमची खोलगट असणं चांगली खूण आहे, पण एकट्या सुट्या प्लेटवरून प्राण्याचं नाव छातीठोक सांगणारा माणूस मला आवडत नाही.

नदीपात्र_७७:
मी तर म्हणेन प्राण्याचं नाव राहू द्या, जागेचं विचारा. "मोंटाना" एवढंच लिहिलेलं लेबल पुरत नाही, काउंटी कुठली, जमीन कोणाची, काढली कोणी. अमेरिकेत खाजगी जमिनीतलं हाड जमीनमालकाचं असतं, तो विकू शकतो, पण सरकारी जमिनीतून पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचं जीवाश्म परवान्याशिवाय उचलणं गुन्हा आहे, 2009 चा वेगळा कायदाच आहे. मंगोलिया, चीन आणि अर्जेंटिनाचा माल असेल तर हातसुद्धा लावू नका, तिथे जीवाश्म सरकारची मालमत्ता. कॅनडातल्या अल्बर्टातली बोरिॲलोपेल्टा, म्हणजे असाच एक कवचवाला डायनासोर, 2011 मध्ये खाणीत सापडली, कवच जागच्या जागी, वरचं केराटिनचं, म्हणजे नखासारखं आवरणसुद्धा टिकलेलं, ती थेट म्युझियमला गेली म्हणून जगाला कळलं की या प्लेटा अंगावर कशा बसलेल्या होत्या. सुट्या प्लेटचं ते सगळं ज्ञान जागेच्या नोंदीत असतं, नोंद गेली की उरतो नुसता शोपीस. जिऑलॉजी शिकणाऱ्या मुलीला तसलं देऊ नका.

चांद्याचा_मी:
मी मूळचा चंद्रपूरचा, म्हणून राहवत नाही. आपल्याकडेही कवचाची गोष्ट आहे. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर मॅटली या ब्रिटिश भूवैज्ञानिकाला मोठ्या हाडांसोबत अशाच प्लेटा मिळाल्या, त्याने 1920 च्या दशकात सगळं मिळून कवचवाला लामेटासॉरस म्हणून वर्णन केलं. पुढे कळलं की त्यातली मोठी हाडं मांसाहारी डायनासोरची आहेत आणि प्लेटा बहुधा टायटॅनोसॉरच्या, म्हणजे लांब मानेच्या शाकाहाऱ्यांच्या. त्यांनाही कवच असायचं हे 1980 मध्ये अर्जेंटिनाच्या साल्टासॉरसने पक्कं केलं. आमच्या डोंगरगावचा आयसिसॉरस पण टायटॅनोसॉरच.

कळकळीची विनंती, चंद्रपूर किंवा जबलपूरची हाडं कोणी विकायला आणली तर घेऊ नका, जिऑलॉजिकल सर्व्हेला कळवा. तिथे अजून अभ्यास व्हायचाय, एकेक तुकडा मोलाचा आहे.

वाघोलीचा_दगड:
सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्च मारली, कोपरा आणि एक आडवी रेघ पांढरट निळी चमकली, बाकी सगळं मंद तपकिरी. खालची वीण पण दिसली, भारी वाटलं. काकांना विचारलं तर म्हणाले जुनं बिल आहे, त्यावर गार्फील्ड काउंटी आणि रँचची खाजगी जमीन असं लिहिलंय, शोधून देतो.

भिंगवाला:
मस्त. बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि भरलेल्या कोपऱ्याबद्दल भाव खाली आणा. लेबलवर 'अँकिलोसॉर गट, हेल क्रीक, गार्फील्ड काउंटी' एवढंच लिहा आणि कोपरा भरलाय तेही लिहा. आघारकर संस्थेत जीवाश्मांवर काम करणारी मंडळी आहेत, भाचीला एकदा प्लेट घेऊन तिकडे जायला सांगा.