मदत हवी आहे: डेबियन लिनक्स १२.३ चा एक्स्ट४ (फाइल सिस्टिम) बग, अपग्रेड अडकलंय

लातूरमधल्या वाचनालयाचा सर्व्हर. कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१.६४-१ चालू आहे, म्हणजे नेमका तोच, ज्यात एक्स्ट४ वर डायरेक्ट आय-ओनं (कॅशे टाळून थेट डिस्कवर) लिहिताना डेटा बिघडू शकतो. दुरुस्ती १२.४ मध्ये, ६.१.६६ कर्नलसोबत आली. पण अपग्रेड करताना इनिटआरडी (बूट होताना लागणारी फाइल) बनतानाच जागा संपते: /बूट (कर्नल ठेवायचं पार्टिशन) २३६ एमबीचं, त्यात ६.१.०-१२, १३ आणि १४ (हाच ६.१.६४-१) तिन्ही कर्नल बसलेत. अर्धवट पॅकेजमुळे ऑटोरिमूव्हही (नको असलेली पॅकेजं काढणारी कमांड) चालत नाही.

मारियाडीबी (डेटाबेस) बंद ठेवलाय. बॅकअप आहे, पण तो याच कर्नलवर घेतलेला. एफएससीके (fsck, फाइल सिस्टिम तपासणारी कमांड) काही दाखवत नाही, पण ते फाइलच्या आतला मजकूर तपासतच नाही. दुपारी लाइट जाते, यूपीएस २० मिनिटंच टिकतो.

आधी १३ वर बूट करून १४ काढू, की १२ काढून थेट नवा टाकू? आणि डेटाबेसमधली टेबलं शाबूत आहेत हे खात्रीनं कसं तपासायचं?