‘वेट स्टिग्मा’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
एका लेखाचं भाषांतर करते आहे. लठ्ठपणा घटवायला निघालेली सरकारी धोरणंच जाड माणसांची मानहानी कशी वाढवतात, असा विषय. ‘वेट स्टिग्मा’ला ‘वजन-कलंक’ लिहिलं आणि माझंच मला हसू आलं. वजनदार मंत्री, शब्दाला वजन, फायलीवर ठेवायचं ते वजन! वाचणाऱ्याला लाचलुचपत खातंच आठवायचं. दुसरं काही सुचतंय का?

प्रतिसाद १ :
‘वजन’ काढा. मला तर ‘कलंक’ही खटकतो. स्टिग्मा म्हणजे मूळ ग्रीकमध्ये गुलामाच्या नाहीतर गुन्हेगाराच्या अंगावर केलेली खूण. आपल्याकडे डाग दोन तऱ्हेचे : एक पडतो, दुसरा तापल्या सळईनं देतात. तुमच्या लेखातला दुसरा आहे, तो कुणीतरी देतंय. ‘कलंक’ म्हटलं की देणारा गायब. चंद्राचा कलंक चंद्रालाच. म्हणून ‘हिणवणूक’ घ्या. हिणवायला दोन माणसं लागतात.

प्रतिसाद २ :
मुळात ‘लठ्ठपणा’च संशयास्पद नाही का? आळशीपणा, हावरटपणा, हलगर्जीपणा, त्याच पंगतीला लठ्ठपणा. मधुमेहाला कुणी ‘पणा’ लावत नाही. (पगार मात्र लठ्ठ असला की सगळे खूश.)

प्रतिसाद ३ :
बहिरेपणा, रातांधळेपणा? ‘पणा’ बिचारा निर्दोष आहे.

प्रतिसाद ४ :
आम्ही इंग्लंडमध्ये असतो. इथे २००५-०६ पासून सरकारी प्राथमिक शाळांत पहिल्या आणि शेवटच्या वर्षी मुलांची उंची-वजन मोजतात आणि बऱ्याच ठिकाणी निकाल पत्रानं घरी येतो. त्या पत्रात ‘ओबीस’ शब्द टाळून ‘व्हेरी ओव्हरवेट’ लिहितात. शब्द मऊ केला, पण पत्राला लोक ‘फॅट लेटर’च म्हणतात! आमच्याकडे ते आलं तेव्हा लेकीनं आधी वाचलं. त्या रात्री तिनं भात परत केला. आकडा खोटा नव्हता, भाषाही सभ्य होती, तरी लागायचं ते लागलंच.
उलट २०१० मध्ये इथल्या आरोग्य राज्यमंत्री अ‍ॅन मिल्टन म्हणाल्या होत्या की डॉक्टरांनी ‘ओबीस’ न म्हणता सरळ ‘फॅट’ म्हणावं, म्हणजे माणूस स्वतःहून हालचाल करेल. हिणवलं की सुधारतो, हा हिशेब आपल्या मावशी-आत्यांचाही असतोच.

प्रतिसाद ५ :
सगळं खापर धोरणांवर का? चरकसंहितेत सूत्रस्थानाचा एकविसावा अध्याय पाहा. नावच ‘अष्टौनिन्दितीय’. फार उंच, फार ठेंगू, फार केसाळ, बिनकेसांचा, फार काळा, फार गोरा, फार जाड, फार बारीक असे आठ जण निंदित. पुढे विस्तारानं बोलतात ते जाड आणि बारीक या दोघांबद्दलच, आणि त्यातही बारीक परवडला म्हणतात. म्हणजे वैद्यक आणि निंदा यांचं साटंलोटं जुनं आहे.

प्रतिसाद १ :
साटंलोटं जुनं, मान्य. पण चरकांनी घरोघरी पत्रं नव्हती धाडली. प्रश्नकर्तीला एक सुचवतो. धोरणाबद्दल लिहिताना क्रियापदाकडे लक्ष द्या. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘ओव्हरवेट’ची बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, त्याचा आकडा) मर्यादा पुरुषांसाठी २७.८ आणि बायकांसाठी २७.३ होती, ती सरसकट २५ वर आणली. कोट्यवधी माणसं रातोरात त्यात गेली, एक ग्रॅमही न वाढता. इथे ‘लठ्ठ झाली’ चुकीचं, ‘ठरली’ अर्धवट. ‘ठरवली’ लिहा. आपल्याकडे भारतीयांसाठी डॉक्टर ‘ओव्हरवेट’ला २३ आणि लठ्ठपणाला २५ हे आकडे धरतात. त्याला कारणं आहेत, कमी वजनातही आपल्याला मधुमेह गाठतो. तरी ठरवणारा कुणीतरी असतोच. शिवाय बीएमआय स्नायू आणि चरबी वेगळी काढत नाही, तेव्हा ते माप खऱ्या अर्थी ‘स्थूलमानानं’च.

प्रश्नकर्ती :
‘स्थूलमानानं’ ढापते! मथळ्यात ‘वजनावरून हिणवणूक’ ठेवते. ‘वरून’ लावलं की लाच आठवत नाही. एकच अडलंय : लेखात सरकारी घोषणा आहे, तिचं मी ‘लठ्ठपणा निर्मूलन मोहीम’ केलंय.

प्रतिसाद ३ :
निर्मूलन देवीचं झालं, तेव्हा देवीचे रोगी उरले नाहीत. इथे कोण उरायचं नाही, ते आधी ठरवा.

प्रश्नकर्ती :
खोडलं.